न दिसलेल्या विरामांचा हिशेब

दादाने विचारलेला प्रश्न एका ओळीचा होता. ॲसिटिलकोलीन हा मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत नेणारा रेणू; तो चिकटला की स्नायूवरच्या ज्या प्रथिनातली आयनांची वाट उघडते ते प्रथिन म्हणजे ॲसिटिलकोलीन रिसेप्टर, आणि ती वाट म्हणजे चॅनेल. दादाकडे या रिसेप्टरचे दोन प्रकार होते, एक मूळ स्वरूपाचा आणि दुसरा साखळीतले एकच अमिनो आम्ल बदललेला. या दुसऱ्या प्रकारातले चॅनेल एकदा उघडले की अधिक वेळ उघडे राहते असे त्याला नोंदी चाळताना वाटत होते, आणि ते खरे आहे का, खरे असल्यास कितपत, एवढेच मी सांगायचे होते. मी वडोदऱ्यात संख्याशास्त्र शिकवते. शरीरक्रियाशास्त्राशी माझा संबंध बारावीच्या पुस्तकाबरोबर संपला होता, तो या प्रश्नामुळे पुन्हा सुरू झाला. उत्तर मी अडीच महिन्यांत दिले आणि ते चुकीचे निघाले. ते कसे चुकले हे समजून घेऊन पुन्हा उत्तर देण्यात त्याहून बराच अधिक काळ गेला, आणि हे लेखन मुख्यतः त्या दुसऱ्या काळाविषयी आहे.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. तो दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत काम करतो आणि गणपतीत दांडिया बाजारातल्या आमच्या घरी न चुकता येतो. त्या वर्षी आरती आटोपल्यावर त्याने पिशवीतून एक हार्ड डिस्क काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यातल्या नोंदी पॅच क्लॅम्प पद्धतीने घेतलेल्या होत्या. टोकाशी जेमतेम एक मायक्रोमीटर रुंदीची काचेची नळी पेशीच्या आवरणाला टेकवून आतून हलकी ओढ दिली की काच आणि आवरण यांच्यात इतका घट्ट सांधा बसतो की त्याचा विद्युतरोध गिगाओहममध्ये मोजावा लागतो, आणि मग नळीच्या तोंडाखाली सापडलेल्या आवरणाच्या ठिपक्यातून वाहणारा प्रवाह तेवढाच वेगळा मोजता येतो. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी बेडकाच्या स्नायूवर एकेका चॅनेलचा प्रवाह टिपला तो १९७६ साली. इतका घट्ट सांधा साधण्याची युक्ती त्यानंतर काही वर्षांनी हाती आली, आणि १९९१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले.

दादाच्या नोंदींत चॅनेल उघडे असताना प्रवाह सुमारे सहा पिकोअँपिअर होता. एक पिकोअँपिअर म्हणजे दर सेकंदाला साधारण ६२ लाख एकभारित आयन. त्या हिशेबाने एक मिलिसेकंद उघडलेल्या चॅनेलमधून सदतीस हजारांच्या आसपास आयन आत जातात. आम्हा संख्याशास्त्राच्या लोकांना जी माहिती मिळते ती बहुधा हजारो-लाखोंची बेरीज किंवा सरासरी होऊन आलेली असते. इथे एकाच रेणूचे उघडणे आणि बंद होणे, कोणाशीही मिसळल्याशिवाय, डोळ्यांसमोर होते. खरे सांगायचे तर दादाच्या प्रश्नापेक्षा या गोष्टीनेच मला कामाला लावले.

पडद्यावर ही नोंद म्हणजे एक खरखरीत आडवी रेघ दिसते, जी अधूनमधून, चॅनेल उघडले की, एकदम खाली उतरते, काही काळ खालच्या पातळीवर चालते आणि पुन्हा वर येते. आमच्या जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजाला दिंडी होती. ती उघडी असे किंवा बंद असे, आणि ती उघडत असतानाचा क्षण कोणी मोजण्याइतका मोठा नसे. चॅनेलचेही तसेच आहे. त्याचे एका अवस्थेतून दुसरीत जाणे इतके झटकन होते की नोंदीत पायरीला जो तिरकस उतार दिसतो तो चॅनेलचा नसून आपल्या उपकरणातल्या फिल्टरचा असतो. हे वाक्य दादाने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, मी ते वहीत लिहूनही घेतले होते, आणि पुढची सगळी चूक या वाक्याचा अर्थ पुरता न समजल्यामुळे झाली.

पहिले काम असते या खरखरीत रेघेवरून स्वच्छ यादी बनवण्याचे: इतका वेळ बंद, इतका वेळ उघडे, पुन्हा इतका वेळ बंद. त्यासाठी बंद आणि उघड्या पातळीच्या बरोबर मध्ये एक उंबरठा धरतात आणि रेघेने तो ओलांडला की अवस्था बदलली असे मानतात. नोंदी ५ किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून गाळलेल्या आणि सेकंदाला ५० हजार बिंदू या वेगाने साठवलेल्या होत्या. फिल्टर अधिक मोकळा ठेवला तर पायऱ्या तीक्ष्ण दिसतात, पण त्याबरोबर गोंगाटही वाढतो आणि गोंगाटाचीच एखादी उसळी उंबरठा ओलांडून खोटी घटना निर्माण करते. उंबरठ्याचे अंतर गोंगाटाच्या प्रमाण विचलनाच्या (म्हणजे त्याच्या पसाऱ्याच्या मापाच्या) पाचपट असेल तर ५ किलोहर्ट्झला अशी खोटी घटना साधारण मिनिटाला एक घडते. ते अंतर चारपटीवर आले तर सेकंदाला एकाहून अधिक. त्यामुळे फिल्टर किती घट्ट ठेवायचा हा आवडीनिवडीचा विषय राहत नाही, तो सौदाच असतो. आमच्या सौद्यात पायरीचा चढ ६६ मायक्रोसेकंदांचा येत होता, आणि साधारण ३६ मायक्रोसेकंदांहून छोटी घटना अर्ध्या उंचीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतच नव्हती. दादा या अवधीला डेड टाइम म्हणतो. मी सुरक्षित अंतर ठेवून ४० मायक्रोसेकंद ही मर्यादा धरली आणि त्याहून छोट्या सर्व घटना, दिसल्या तरी, यादीतून काढून टाकल्या, म्हणजे काय पाहिले आणि काय नाही याची रेषा तरी स्पष्ट राहावी.

ही यादी बनवणे हे कंटाळवाणे काम आहे. शून्याची पातळी हळूहळू सरकते, ती पुनःपुन्हा बसवावी लागते. मध्येच दोन चॅनेल एकदम उघडतात, तो भाग वगळावा लागतो. सांधा सुटत आल्याची चिन्हे दिसू लागली की पुढची नोंद विश्वासाची राहत नाही. संगणकाने केलेली निवड मी डोळ्यांखालून घातली. नवरात्र त्यातच गेले. खाली चौकातून गरब्याचा ढोल रात्री उशिरापर्यंत ऐकू येत असे आणि मी पायऱ्या मोजत असे. वडोदऱ्यात राहून नऊ रात्री घरात बसणाऱ्या माणसाकडे शेजारी ज्या नजरेने पाहतात ती नजर मी त्या वर्षी अनुभवली.

यादी तयार झाल्यावर मात्र मी माझ्या अंगणात आले. चॅनेल ज्या अवस्थेत आहे तिथून बाहेर पडण्याची त्याची प्रवृत्ती ते तिथे किती वेळ आहे यावर अवलंबून नसते, असे मानले की प्रत्येक अवस्थेतल्या मुक्कामाचा काळ घातांकी वितरणाने येतो (छोटे काळ सर्वाधिक, लांब काळ झपाट्याने विरळ) आणि त्याची सरासरी म्हणजे त्या अवस्थेतून बाहेर नेणाऱ्या सर्व दरांच्या बेरजेचा व्यस्त. बंद होण्याचा दर सेकंदाला १०००, तर उघडे राहण्याची सरासरी एक मिलिसेकंद. रेणूला स्मृती नसते. थकवा नाही, घाई नाही, बराच वेळ उघडे राहिले म्हणून आता बंद व्हावे असा संकोचही नाही. बंद अवस्था दिसायला एक असली तरी आतून अनेक असू शकतात, म्हणून बंद काळाचे वितरण अनेक घातांकी घटकांची बेरीज म्हणून येते, आणि त्यांतले काही मायक्रोसेकंदांचे तर काही सेकंदांचे असल्यामुळे साध्या हिस्टोग्राममध्ये ते एकमेकांवर चढून बसतात. फ्रेड सिगवर्थ आणि स्टीव्हन साइन यांनी १९८७ मध्ये सुचवलेली मांडणी इथे कामी येते: वेळेचा अक्ष लॉगरिदमचा आणि उभा अक्ष वर्गमुळाचा घेतला की प्रत्येक घटक एक उंचवटा होऊन उभा राहतो आणि त्याचे शिखर त्या घटकाच्या कालस्थिरांकावर, म्हणजे त्याच्या सरासरी काळावर, येते. सपाट मुलखातून पावागड जसा एकटा वर आलेला दिसतो तसे हे उंचवटे दिसतात, आणि ते पहिल्यांदा पडद्यावर उमटले तेव्हा मला झालेला आनंद लपवण्याचे कारण नाही.

बंद काळांच्या आलेखात डावीकडे एक उंचवटा अगदी छोट्या विरामांचा होता आणि उजवीकडे बऱ्याच अंतरावर लांब काळांचे उंचवटे होते. याचा अर्थ चॅनेल एकदा उघडले की मध्ये बारीक विराम घेत काही वेळा उघडते आणि मग दीर्घ काळ गप्प बसते. या समूहाला दादा बर्स्ट म्हणतो. मी झुबका म्हणू लागले आणि पुढे त्याच्याही तोंडी तो शब्द बसला. कोणता विराम झुबक्याच्या आतला आणि कोणता दोन झुबक्यांमधला, हे ठरवण्यासाठी एक सीमा लागते. छोट्या विरामांची सरासरी ५० मायक्रोसेकंद आणि लांबांची १०० मिलिसेकंद असली तर सुमारे ०.२९ मिलिसेकंदांची सीमा दोन्ही बाजूंचे जवळपास ०.३ टक्केच विराम चुकीच्या खान्यात टाकते. आमचे उंचवटे असेच दूर होते, म्हणून ही पायरी सहज पार पडली. झुबक्यांमधल्या लांब काळांचा मात्र अर्थ लावण्याच्या भानगडीत पडायचे नसते, कारण नळीखाली चॅनेल एकच आहे की पाच आहेत हे चॅनेल उघडणाऱ्या रेणूची सांद्रता कमी ठेवून घेतलेल्या नोंदीवरून कळत नाही आणि पुढचा झुबका त्याच रेणूचा असेल याची शाश्वती नसते.

आता दोन प्रकारांची तुलना. बदललेल्या चॅनेलचा उघडा राहण्याचा काळ मूळच्या जवळपास दुप्पट आला. झुबक्याची लांबीही जवळपास दुप्पट आली. एका झुबक्यात चॅनेल किती वेळा उघडते ती संख्या दोन्हींत सारखीच निघाली. तीन मोजमापे, तिन्हींची साक्ष एक: उघडण्याचे प्रमाण बदललेले नाही, फक्त प्रत्येक उघडणे लांबले, म्हणजेच बंद होण्याचा दर निम्मा झाला. मी दादाला तसे लिहून पाठवले, प्रमाण त्रुटींसह. त्याला ते पटले, कारण त्याला वाटत होते तेच मी आकड्यांत सांगितले होते. स्नायूंच्या या रिसेप्टरमधल्या काही बदलांमुळे चॅनेल दीर्घकाळ उघडे राहून स्नायू दुबळे होणारा एक आनुवंशिक आजारही असतो, त्यामुळे या निष्कर्षाला एक तयार चौकटसुद्धा होती.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. अंतर्गत बैठकीत त्याने ही आकृती दाखवली होती आणि कोणीतरी त्याला विचारले होते की बंद होण्याचा दरच तेवढा बदलला असेल, तर झुबक्याच्या आतले विराम दोन्ही प्रकारांत सारखे असायला हवेत. ते आहेत का? "अगं, तू ते पाहिलं होतंस ना?" दादाने विचारले. मी पाहिले होते. बदललेल्या चॅनेलचा छोट्या विरामांचा उंचवटा आणखी डावीकडे, थेट ४० मायक्रोसेकंदांच्या रेषेवर कलंडलेला होता आणि त्याची केवळ उजवी उतरण दिसत होती. प्रश्न उघड्या काळाचा होता, म्हणून त्या कलंडलेल्या उंचवट्याकडे मी नोंदीची मर्यादा म्हणून पाहिले आणि पुढे गेले. विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला सोडले नसते.

चॅनेलचा साधा आराखडा होजे देल कास्तिलो आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी १९५७ मध्ये मांडला, एकेकट्या चॅनेलचा प्रवाह कोणी पाहण्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी. रिकामा रिसेप्टर, औषध किंवा संदेशवाहक रेणू चिकटलेला पण अजून बंद असलेला रिसेप्टर, आणि चिकटलेला व उघडलेला रिसेप्टर, अशा तीन अवस्था. मधल्या अवस्थेतून दोन वाटा निघतात: उघडणे, नाहीतर चिकटलेला रेणू सुटून जाणे. छोटा विराम म्हणजे या मधल्या अवस्थेतला मुक्काम, तेव्हा त्याची सरासरी उघडण्याचा दर आणि सुटण्याचा दर यांच्या बेरजेवर ठरते. बंद होण्याच्या दराचा तिथे काही संबंध येत नाही. विराम छोटा झाला असेल तर त्या दोन दरांपैकी काहीतरी वाढलेलेच असणार, आणि माझा निष्कर्ष हे नाकारत होता.

प्रत्यक्ष नोंदींकडे परत जाण्यापूर्वी मी संगणकात दोन खोटी चॅनेल तयार केली, जिथे खरे दर मलाच ठाऊक होते. दोन्हींचा बंद होण्याचा दर मुद्दाम सारखा ठेवला, सेकंदाला १०००, म्हणजे दोन्ही सरासरीने बरोबर एक मिलिसेकंद उघडी राहणार. सुटण्याचा दरही सारखा, ५०००. फक्त उघडण्याचा दर पहिल्यात १५,००० आणि दुसऱ्यात ३५,००० धरला. पहिल्यात विरामाची सरासरी ५० मायक्रोसेकंद आणि झुबक्यात सरासरी चार वेळा उघडणे येते. दुसऱ्यात विराम २५ मायक्रोसेकंदांचा आणि उघडणे आठ वेळा. मग या दोन्हींवर मी ४० मायक्रोसेकंदांची तीच मर्यादा लावली.

पहिल्या चॅनेलचे ५५ टक्के विराम ४० मायक्रोसेकंदांहून छोटे असल्यामुळे नाहीसे होतात, दुसऱ्याचे ८० टक्के. प्रत्येक नाहीशा विरामाच्या दोन्ही बाजूंची उघडणी एकमेकांना जोडली जाऊन एकच लांब उघडणे दिसते. पहिल्या चॅनेलचा दिसणारा उघडा काळ सुमारे १.७ मिलिसेकंद आला, दुसऱ्याचा सुमारे ३.४, जवळजवळ नेमका दुप्पट. झुबक्यातल्या दिसणाऱ्या उघडण्यांची संख्या पहिल्यात २.३५ आणि दुसऱ्यात २.४, म्हणजे जणू बदललेलीच नाही. मी दादाला कळवलेल्या तिन्ही मोजमापांचा नमुना इथे हुबेहूब उमटला होता, आणि इथे बंद होण्याचा दर एका कणानेही बदललेला नव्हता. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत असे मला वाटले होते, पण तिघेही एकाच न दिसलेल्या गोष्टीवरून बोलत होते. ही आकडेमोड संगणकाशिवाय, कागदावर पाच मिनिटांत होते. ती मी आधीच करायला हवी होती हे त्या रात्री मला वारंवार आठवत राहिले.

त्या सुमारास बाबा रोज संध्याकाळी मला फिरायला बाहेर काढत. काळा घोडा चौकाजवळच्या पुलावरून विश्वामित्री नदीत मगरी दिसतात आणि त्या पाहायला कठड्याशी माणसे थांबलेली असतात. बाबांना माझे काम काय आहे ते समजून घ्यायचे होते, म्हणून मी त्यांना एक मगर दाखवून म्हटले की ही किती वेळ पाण्यावर राहते आणि किती वेळ बुडी मारते ते मोजायचे, पण मला दर मिनिटाला एकदाच पाहण्याची परवानगी आहे. मिनिटाच्या आत मारलेली बुडी मला कळणार नाही, म्हणून ती मगर सलग पाण्यावरच होती असे मी लिहिणार. शेजारची दुसरी मगर छोट्या बुड्या मारणारी असेल तर ती याहूनही अधिक वेळ पाण्यावर राहते असे मी सांगणार. बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे मगर तीच आहे. डोळे तू मिटले होतेस." माझ्या उदाहरणात थोडा दोष आहे, कारण मी ठरावीक क्षणी पाहण्याबद्दल बोलत होते आणि खरी अडचण एका विशिष्ट लांबीखालच्या घटना पुसल्या जाण्याची आहे, पण बाबांच्या वाक्यात दोष काढता येत नाही.

न दिसलेल्या घटनांचा हिशेब ढोबळपणे करायचा झाला तर घातांकी वितरणाची स्मृतिहीनता इथे मदतीला येते. ४० मायक्रोसेकंदांहून मोठे जे विराम दिसतात त्यांतून ४० वजा केले की उरलेल्या भागाची सरासरी मूळ विरामाइतकीच असते. म्हणजे दिसणाऱ्या शेपटीवरून न दिसणाऱ्या डोक्याचा आकार काढता येतो आणि किती विराम हरवले तेही कळते. पण ही सुधारणा पुरेशी नाही. छोटी उघडणीही हरवतात, तेव्हा दोन विराम जोडले जातात. हरवलेल्या घटनांच्या आत पुन्हा हरवलेल्या घटना असतात. आणि खऱ्या रिसेप्टरला संदेशवाहक चिकटण्याच्या दोन जागा असल्यामुळे आराखड्यात तीन नव्हे तर पाच किंवा त्याहून अधिक अवस्था येतात. इथे डेव्हिड कोलहून आणि ॲलन हॉक्स यांची मांडणी लागते. कोलहून औषधशास्त्राचे, हॉक्स संख्याशास्त्राचे. १९७७ पासून त्या दोघांनी चॅनेलच्या सर्व अवस्थांमधले दर एका मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्यात, मांडून त्यावरून उघड्या काळाचे, बंद काळाचे आणि झुबक्याचे वितरण काढण्याची रीत घालून दिली. हॉक्स हे नाव मला परके नव्हते; भूकंपानंतरच्या धक्क्यांसाठी वापरली जाणारी, एका घटनेमुळे पुढच्या घटनेची शक्यता वाढते अशी जी प्रक्रिया आम्ही शिकवतो, ती त्यांनीच १९७१ मध्ये मांडलेली. दोन्ही कामे एकाच माणसाची आहेत हे मला पन्नाशीजवळ येऊन, आणि तेही दादाच्या डिस्कमुळे कळले.

हरवलेल्या घटनांसह दिसणाऱ्या काळांचे अचूक वितरण हॉक्स, आसद जलाली आणि कोलहून यांनी १९९० च्या सुमारास काढले. त्याचे स्वरूप विलक्षण आहे: मर्यादेच्या एकपट, दुपट, तिपट अशा प्रत्येक टप्प्यात सूत्र बदलते आणि अधिकाधिक लांब होत जाते, पण दोन-तीन टप्प्यांनंतर ते पुन्हा साध्या घातांकी बेरजेला इतके चिकटते की पुढे अचूक सूत्राची गरजच उरत नाही. ती बेरीज दिसायला आदर्श वितरणासारखीच असते, घटकही तितकेच असतात, फक्त कालस्थिरांक वेगळे असतात. माझ्या आलेखांवर पहिली रेघ इतकी सुंदर का बसली होती याचे उत्तर इथे मिळाले. चुकीच्या कालस्थिरांकांचे वितरणही घातांकीच दिसते, त्यामुळे रेघ नीट बसणे हा आपण बरोबर असल्याचा पुरावा होत नाही.

यापुढे हिस्टोग्रामवर रेघ बसवण्याचे मी सोडले आणि घटनांच्या संपूर्ण क्रमावर, म्हणजे कोणत्या उघडण्यानंतर कोणता विराम आला या ओळीवर, मॅक्झिमम लाइकलिहूडने, म्हणजे हातातली नोंद ज्या दरांनी सर्वांत संभवनीय ठरते ते दर शोधण्याच्या रीतीने, थेट दर काढू लागले. सूत्रांना संगणकात उतरवण्यात हिवाळा गेला. त्यात सांगण्यासारखे फार नाही. मॅट्रिक्सच्या ओळींची बेरीज शून्य ठेवण्यात एका ठिकाणी चिन्ह उलटे पडले होते, ते सापडायला अकरा दिवस लागले.

त्याहून त्रासदायक गोष्ट पुढे आली. एकाच नोंदीवर दोन वेगळ्या सुरुवातींतून निघाले तर दोन वेगळी उत्तरे येत होती, आणि त्यांच्या लाइकलिहूडमध्ये नगण्य फरक होता. एका उत्तरात दर मध्यम होते. दुसऱ्यात चॅनेल भयंकर वेगाने उघडझाप करत होते आणि त्यातले बहुतेक सारे आपल्याला दिसत नाही असे त्याचे म्हणणे होते. नोंद दोन्ही ऐकून घ्यायला तयार होती. हरवलेल्या घटनांच्या गणितात ही जुळी उत्तरे पूर्वीपासून माहीत आहेत आणि त्यांना वेगळे करण्याची एक साधी युक्तीही आहे: मर्यादा बदलून पाहायची. मी ४० ऐवजी ६० आणि मग ८० मायक्रोसेकंद धरून, म्हणजे हातातली माहिती मुद्दाम फेकून देऊन, पुन्हा दर काढले. मध्यम दरांचे उत्तर आपल्या त्रुटीच्या आत तिथेच राहिले. वेगवान उत्तर प्रत्येक वेळी मर्यादेबरोबर सरकले. जे आपल्या डोळ्यांच्या मिटण्याबरोबर बदलते ते रेणूचे असू शकत नाही.

दोन्ही प्रकारांच्या सर्व नोंदी या रीतीने तपासल्यावर उत्तर आले ते असे. बंद होण्याचा दर दोन्हींत त्रुटीच्या आत सारखा होता. रेणू सुटण्याचा दर बदलल्याचाही पुरावा नव्हता. वाढला होता तो उघडण्याचा दर. दादाचे चॅनेल उघडले की अधिक वेळ उघडे राहत नव्हते. ते बंद झाल्यावर लगेच पुन्हा उघडत होते, इतक्या लगेच की आपल्या उपकरणाला मधले बंद होणे कळत नव्हते. ज्याला प्रथिनाच्या रचनेचा विचार करायचा आहे त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे, कारण उघड्या स्थितीला धरून ठेवणे आणि बंद स्थितीतून उघडण्याचा अडथळा कमी करणे यांसाठी रेणूच्या वेगवेगळ्या भागांकडे पाहावे लागते. झुबक्याची एकूण लांबी मात्र पहिल्या आणि दुसऱ्या विश्लेषणात जवळपास तीच राहिली. माझ्या खोट्या चॅनेलांतही ती ४.१५ आणि ८.२ मिलिसेकंद अशी, विराम दिसोत वा न दिसोत, टिकून होती, आणि म्हणून अनुभवी लोक उघड्या काळापेक्षा झुबक्यावर अधिक विश्वास का ठेवतात हे मला कळले.

सगळे सुटले असे मात्र नाही. बदललेल्या चॅनेलच्या बाबतीत उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या दराचे अंदाज एकमेकांना बांधलेले आहेत: उघडण्याचा दर थोडा जास्त धरला की हरवलेले विराम वाढतात, मग दिसणारे उघडणे अधिक तुकड्यांचे बनलेले मानावे लागते आणि बंद होण्याचा दरही वर जातो. दोन्ही एकत्र वर सरकले किंवा एकत्र खाली आले तर लाइकलिहूड फारसा कुरकुर करत नाही. त्यांचे गुणोत्तर पक्के हाती लागते, एकेकटे आकडे तितके नाहीत. दादाला मी हे पहिल्याच परिच्छेदात लिहिले, आधीच्या पत्रात त्रुटी शेवटच्या तक्त्यात लपल्या होत्या तसे होऊ दिले नाही. त्याने पहिली आकृती मागे घेतली, बैठकीत तो प्रश्न विचारणाऱ्याला बोलावून नवी दाखवली, आणि मला एवढेच म्हणाला, "बरं झालं, छापायच्या आधी कळलं."

ती बांधीलकी सोडवण्याचा एक मार्ग त्याच्याच हातात होता. तापमान कमी केले की दर मंदावतात, विराम लांबतात आणि मर्यादेच्या वर डोके काढतात. त्याने या उन्हाळ्यात बदललेल्या चॅनेलच्या थंडीतल्या नोंदी घेतल्या आणि त्यांतल्या पहिल्या पाच गेल्या आठवड्यात माझ्याकडे आल्या. एक उघडून पाहिली. खालच्या पातळीवर चालणाऱ्या रेघेत, जिथे आधी सलग सपाटी होती, तिथे आता बारीक उभ्या चिरा दिसत आहेत. मी अजून एकही मोजलेली नाही; आधी गोंगाट मोजून या नोंदींची मर्यादा किती धरायची ते ठरवते आहे.